चिनी संगीताच्या इतिहासाची नोंद आणि बौद्ध विधीचा स्वर

चीनच्या राजवंशांच्या अधिकृत इतिहासग्रंथांत संगीतावर स्वतंत्र प्रकरण लिहिण्याची प्रथा फार जुनी आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील सुमा च्येन याच्या 'श-ची' या ग्रंथाच्या उपलब्ध पाठात संगीतावर एक व स्वरनलिकांवर दुसरे अशी दोन प्रकरणे आहेत, आणि पुढील बहुतेक राजवंशांच्या इतिहासकारांनी हाच परिपाठ चालू ठेवला. राजसत्तेने इतका दीर्घकाळ संगीताची दप्तरी नोंद ठेवल्याचे उदाहरण अन्यत्र विरळाच सापडेल. आपल्याकडे तर असे काहीच नाही. तथापि या नोंदींत नेमके काय आहे, हे पाहू गेल्यास निराशा पदरी येते. नलिकांच्या लांबीची मापे आहेत, स्वरांची व ऋतूंची सांगड आहे, कोणत्या यज्ञात कोणती वाद्ये किती असावीत याचे नियम आहेत, दरबारातील पंडितांचे वादविवाद आहेत. धून मात्र नाही. चिनी अभ्यासकांमध्ये अशा इतिहासाला 'मुका संगीत-इतिहास' असे म्हणण्याचा प्रघात आहे व तो यथार्थ आहे.

हे मुकेपण दूर करण्याचा विसाव्या शतकातील सर्वांत गंभीर प्रयत्न यांग यिनल्यू (१८९९–१९८४) यांचा. त्यांच्या कार्याचे बौद्ध विद्येच्या दृष्टीने परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. प्रस्तुत लेखक पालीचा अभ्यासक आहे, संगीतज्ञ नाही. म्हणून स्वरशास्त्राच्या तांत्रिक बाजूविषयी येथे फारसे भाष्य केलेले नाही. परंतु चीनमधील विहारांत जे वाजविले व गाइले गेले त्याची नोंद कोणी, कशी व कोणत्या नावाखाली केली हा प्रश्न केवळ संगीतज्ञांचा नाही. तो आपलाही आहे.

यांग यांचा जन्म वूशी या नगरातला. लहानपणी त्यांनी ताओपंथी पुरोहितांकडून वाद्ये शिकली, पुढे तेथील एका जुन्या मंडळीत खुन्छू या अभिजात नाट्यसंगीताचे शिक्षण घेतले, आणि तारुण्यात ख्रिस्ती मिशनच्या सहवासात येऊन १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चिनी प्रार्थनागीत-संग्रहाच्या संपादनात भाग घेतला. ताओपंथी विधी, अभिजात नाट्य आणि पाश्चात्त्य स्वरलेखन या तिन्हींत सारखाच वावरलेला मनुष्य संगीताच्या इतिहासाला मिळणे हा योगच म्हटला पाहिजे. मराठी वाचकास येथे पं. भातखंडे यांचे स्मरण होणे साहजिक आहे. घराण्यांच्या कंठात असलेले कागदावर आणण्याची तीच तळमळ, आणि कागदावर आलेले ते खरे की कंठातले खरे हा तोच मागे लागलेला प्रश्न!

१९५० सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस यांग व त्यांच्या सहकारी त्साव आनह यांनी वूशी येथे ह्वा यानज्वन उर्फ आबिंग या अंध वादकाच्या सहा रचना तारेच्या ध्वनिमुद्रण-यंत्रावर उतरवून घेतल्या. तीन अरहू या दोन तारांच्या वाद्यावरील व तीन पीपा या वाद्यावरील. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आबिंगचे निधन झाले. त्या सहांपैकी एक रचना पुढे चीनमधील सर्वांत लोकप्रिय वाद्यरचनांपैकी एक ठरली. यंत्र तीन-चार महिने उशिरा पोहोचते तर आज ती नसती. ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. जी कमी सांगितली जाते ती अशी, की आबिंग हा ताओपंथी मंदिराच्या पुरोहिताचा पुत्र होता व स्वतःही त्या विधीत वाढलेला होता. नव्या राजवटीच्या काळात जी चरित्रकथा रूढ झाली तीत तो रस्त्यावर वाजविणारा, जुन्या समाजाने पिडलेला लोककलावंत म्हणून उभा केला गेला व त्याचे पौरोहित्य पार्श्वभूमीत ढकलले गेले. ध्वनी जतन झाला. त्याचे धार्मिक कूळ मात्र पुसट झाले. पुढील विवेचनात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसेल.

आता झिहुआ विहाराकडे वळू. पेकिंग नगराच्या पूर्व भागातील हा विहार १४४३-४४ साली वांग झन या प्रबळ राजकंचुकीने आपल्या कुलाचा म्हणून बांधला. हा वांग झन पुढे १४४९ साली थूमूच्या रणांगणावर सम्राटास शत्रूच्या हाती पडू देऊन स्वतः मारला गेला. इतिहासात त्याचे नाव चांगले नाही. परंतु त्याने दरबारातील संगीत आपल्या विहारात आणविले अशी परंपरा आहे, आणि तेव्हापासून तेथील भिक्षू ग्वान, शंग, बासरी, दहा लहान घंटांची चौकट, ढोल व झांजा यांवर एक भारदस्त, संथ संगीत वाजवीत आले. (विहारातील दोन नक्षीदार छते १९३० च्या दशकात विकली जाऊन अमेरिकेतील फिलाडेल्फिया व कॅन्सस सिटी येथील संग्रहालयांत गेली. संगीत नेता येण्यासारखे नव्हते, म्हणून राहिले.) १९५२ साली काही संगीतप्रेमी विद्वानांचे लक्ष तिकडे गेले व यांग यांनी तेथील भिक्षूंच्या वादनाचा अभ्यास करून १९५३ साली आपला अहवाल सादर केला. विहारात १६९४ साली योंगगान नावाच्या भिक्षूने उतरवलेली एक स्वरपोथीही होती.

ही पोथी गोंगछ नामक लिपीत आहे. स्वरांसाठी साधी चिनी अक्षरे योजून ती एकाखाली एक लिहावयाची व तालाच्या खुणा बाजूला करावयाच्या, अशी ही पद्धत. पण कोणी शिकाऊ भिक्षूने ती पोथी उघडून थेट वाद्य हाती घेतले तर त्याच्या हातून झिहुआचे संगीत निघणार नाही. कारण पोथीत केवळ सांगाडा आहे. शिष्याने प्रथम गुरूसमोर बसून ती अक्षरे गावी लागतात, आणि गाताना लिखित अक्षरांच्या मध्ये 'आ'सारखी पूरक अक्षरे घालून स्वर वळवावा लागतो. या पूरक गायनास तेथे 'आखौ' म्हणतात. ते पोथीत लिहिलेले नसते. अनेक वर्षे असे गाऊन पाठ झाल्यावरच वाद्य हाती येते. म्हणजे पोथी ही स्मरणाची खूण आहे, संगीत गुरूच्या मुखात आहे.

पालीच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. तिपिटक शतकानुशतके भाणकांच्या मुखात होते, इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ते ताडपत्रावर आले तेव्हा भाणक संपले नाहीत. कार्ले येथील चैत्यगृहात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धम्मुत्तरीय भाणकाने दिलेला स्तंभ आजही उभा आहे, तेव्हा ही संस्था आपल्या सह्याद्रीतही नांदत होती. त्या भाणकांचा स्वर कसा होता हे आज कोणीही सांगू शकत नाही. अक्षरे आली, आखौ गेला. झिहुआच्या बाबतीत दोन्ही मिळाली, व ती मिळाली याचे श्रेय यांग यांच्या पिढीला आहे. त्यांनी पोथी तर पाहिलीच, पण भिक्षू ती कशी गातात हेही ऐकले आणि टिपले. त्यांच्या कार्यातील सर्वांत मोलाचा भाग हाच, असे प्रस्तुत लेखकास वाटते, ग्रंथापेक्षाही मोलाचा.

परंतु त्यानंतर जे घडले त्याविषयी काही आक्षेप नोंदविणे भाग आहे. झिहुआच्या संगीताचा उल्लेख आता 'जिवंत जीवाश्म' म्हणून होतो. तेथील शंग वाद्याच्या सतरा नळ्यांची रचना जुन्या सुंगकालीन वर्णनांशी जुळते, काही रचनांची नावे थांग व सुंग काळातील आहेत, म्हणून हे संगीत थांग-सुंग काळचेच होय, असा निष्कर्ष उत्साहाने काढला जातो. हा तर्क सदोष आहे. नाव टिकते म्हणून धून टिकते असे नाही. एकाच नावाखाली निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या धुना वाजतात हे चिनी संग्राहकांनीच दाखवून दिले आहे. पोथी १६९४ ची आहे, विहार १४४४ चा. मधल्या अडीचशे वर्षांचा दुवा परंपरेच्या विश्वासावर आहे, आणि थांग काळापर्यंत जाण्यासाठी आणखी पाच शतके ओलांडावी लागतात. शिवाय ज्या परंपरेचा प्राणच न लिहिलेल्या आखौमध्ये आहे ती प्रत्येक पिढीच्या गळ्यात थोडी बदलणारच. जीवाश्म बदलत नाही. म्हणून तो जिवंत नसतो. या दोन शब्दांना एकत्र आणून काय साधते?

सुत्तपाठांच्या कालनिर्णयात आपण हीच शिस्त पाळतो. बुद्धघोषाच्या अट्ठकथेत एखादे वाक्य आहे म्हणून ते भ. बुद्धांच्या काळचे असे कोणी म्हटल्यास आपण त्यास प्रमाण विचारतो. संगीताच्या बाबतीत ही शिस्त सैल का व्हावी?

लिखित स्वरांवर किती भार टाकता येतो याचे दुसरे उदाहरण तुनह्वांगचे आहे. पॉल पेलिओ यांनी १९०८ साली तेथील गुंफेतून जी हस्तलिखिते पॅरिसला नेली त्यांत ३८०८ क्रमांकाच्या गुंडाळीच्या एका बाजूला पीपा वाद्यासाठी लिहिलेल्या पंचवीस रचना आहेत. जपानी विद्वान हायाशी केन्झो यांनी त्या वाचण्याचा प्रथम पद्धतशीर प्रयत्न केला. १९८० च्या दशकात चिनी विद्वानांनी तालखुणांचे निराळे अर्थ लावून निराळी वाचने प्रसिद्ध केली. स्वरांविषयी बरेच एकमत झाले, लयीविषयी झाले नाही. त्यामुळे एकाच कागदावरून निघालेली गाणी ऐकल्यास ती वेगवेगळी वाटतात. वाद चालू असताना एका गोष्टीकडे मात्र फार थोड्यांनी लक्ष दिले. त्याच गुंडाळीच्या दुसऱ्या बाजूला इ. स. ९३३ मध्ये सम्राटाच्या जन्मोत्सवानिमित्त झालेल्या सूत्र-प्रवचनाचा पाठ आहे. एका बाजूला धर्मदेशना, दुसऱ्या बाजूला करमणुकीची गाणी. संगीताचे इतिहासकार एक बाजू वाचतात, आपण दुसरी वाचतो, आणि कागद एकच आहे.

१९७९ साली चीनमध्ये लोकसंगीताच्या महासंग्रहाची योजना सुरू झाली. प्रांतवार खंडांत लोकगीते, कथागायन, नाट्यसंगीत व वाद्यसंगीत संगृहीत करावयाचे, अशी तिची आखणी. नाट्य, नृत्य, कथा, म्हणी धरून अशा दहा संग्रहांचे एकूण २९८ खंड २००९ पर्यंत पूर्ण झाले. एवढ्या प्रचंड देशात हजारो कार्यकर्त्यांनी खेडोपाडी जाऊन केलेले हे काम पाहून आदराने मान लववावी असेच आहे. परंतु त्यात बौद्ध व ताओपंथी विधींचे संगीत कोठे शोधावे? बहुतांशी वाद्यसंगीताच्या खंडांच्या अखेरीस, 'धार्मिक संगीत' या मथळ्याखाली. म्हणजे भिक्षूंचे सूत्रपठण, ज्यात वाद्यच मुख्य नाही, तेही वाद्यसंगीताचे परिशिष्ट झाले. स्टीफन जोन्स या ब्रिटिश अभ्यासकाने या संग्रहाचे गुण सांगताना त्याच्या ओळींमधील अर्थ वाचावा लागतो असे जे म्हटले आहे ते योग्यच आहे.

हा केवळ मथळ्यांचा प्रश्न नव्हे. झिहुआचे भिक्षू जे वाजवीत त्याचा मोठा भाग 'यान्‌खौ' या विधीत योजला जाई. आनंदास रात्री मुखातून ज्वाला निघणारा एक प्रेत दिसला, व त्याच्या तृप्तीसाठी भ. बुद्धांनी एक धारणी सांगितली, अशी कथा असलेले सूत्र अमोघवज्र (७०५–७७४) याने चिनीत भाषांतरित केले. त्यावर हा विधी आधारलेला आहे. मृताच्या घरी संध्याकाळी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत तो चाले. त्यात मंत्र, मुद्रा, गाथा, अन्नदान आणि मधूनमधून वाद्यरचना यांचा एक क्रम असतो. तिरोकुड्डसुत्त व पेतवत्थु ज्याने वाचले आहेत त्यास या विधीचे अंतरंग ओळखीचे वाटेल. मृतांना उद्देशून दान देण्याची तीच कल्पना येथे पूर्व आशियाच्या वेषात आली आहे. आता या रात्रभराच्या विधीतून वाद्यरचना तेवढ्या वेचून 'प्राचीन वाद्यसंगीत' म्हणून मुद्रित केल्या तर काय हाती लागते? विधीतील श्वास घेण्याच्या जागा तेवढ्या हाती लागतात. गाथा निसटते.

यांग यांच्या 'चीनच्या प्राचीन संगीताच्या इतिहासाचा मसुदा' या द्विखंडात्मक ग्रंथात (पूर्ण प्रकाशन १९८१) हा दोष त्यांच्या पिढीच्या चौकटीतून आला आहे. शासकवर्ग एकीकडे व कष्टकरी जनता दुसरीकडे, आणि जे चांगले ते जनतेचे, अशी मांडणी त्या काळी अटळ होती. या मांडणीत भिक्षू कोठे बसवावा? तो राजाश्रयाने जगतो व शेतकऱ्याच्या दारी प्रेतविधी करतो. थांग काळातील वनशू नामक भिक्षूचे उदाहरण बोलके आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात छांगआन नगरात तो लोकांसाठी सूत्रांवर गायनयुक्त प्रवचने करी; श्रोत्यांची झुंबड उडे, राजदरबारातील संगीतकारांनी त्याच्या स्वराच्या आधारे एक धून बांधली, आणि त्याला अनेकदा हद्दपारीही भोगावी लागली. संगीताचा इतिहासकार त्यात लोककलेचा पूर्वज पाहतो. विनयाचा अभ्यासक मात्र त्यात अंगुत्तर निकायाच्या पञ्चकनिपातातील गीतस्वराविषयीचे सुत्त आठवतो.

त्या सुत्तात लांबविलेल्या गीतस्वराने धम्म म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत : म्हणणारा स्वतः त्या स्वरात आसक्त होतो, ऐकणारे आसक्त होतात, आम्ही गातो तसेच हे शाक्यपुत्रीय श्रमणही गातात अशी गृहस्थ टीका करतात, स्वर साधण्याच्या नादात समाधी भंगते, आणि मागून येणारे त्याचेच अनुकरण करतात. चुल्लवग्गात हीच कारणे देऊन गीतस्वराला मनाई केली आहे, पण लगेच सरभञ्ञाची म्हणजे स्वरयुक्त पठणाची अनुज्ञा दिली आहे. अवंती-दक्षिणापथाच्या सोण कुटिकण्णाने अट्ठकवग्ग स्वरात म्हटला तेव्हा शास्त्यांनी त्याची प्रशंसाच केली. चीनमध्ये जो विनय गेला त्यात कल आणखी निराळा आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनीत आलेल्या सर्वास्तिवादी दशाध्याय विनयात स्वरपठणाचे पाच लाभ आहेत : शरीर थकत नाही, पाठ विसरत नाही, मन शिणत नाही, आवाज बिघडत नाही, शब्द सहज कळतात. पाच दोष पालीत, पाच लाभ चिनीत! चिनी विहारांत एवढे समृद्ध संगीत का रुजले याची सुरुवात येथून व्हावयास हवी. ती यांग यांच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. बौद्ध विद्येच्या अभ्यासकांनी ती करावयाची आहे, व अद्याप पुरेशी केलेली नाही.

सहाव्या शतकातील हुइज्याव हा भिक्षू या बाबतीत आपल्या सर्वांपेक्षा सावध होता. त्याने आपल्या 'श्रेष्ठ भिक्षूंची चरित्रे' या ग्रंथात सूत्रगायकांसाठी अकरा चरित्रांचा स्वतंत्र विभाग ठेवला. साव झ (१९२–२३२) या राजपुत्र-कवीला यूशान पर्वतावर दिव्य स्वर ऐकू आले व त्याने चिनी बौद्ध गायन निर्माण केले ही आख्यायिका तो सांगतो. ती इतिहास म्हणून घेता येत नाही. पण त्याच विभागात त्याने केलेले निरीक्षण अमूल्य आहे. संस्कृत शब्द अनेकाक्षरी, चिनी शब्द एकाक्षरी. भारतीय चाल चिनी शब्दांना लावली तर स्वर उरतात व शब्द संपतात, चिनी चाल भारतीय शब्दांना लावली तर उलट होते. म्हणून उपदेशाचे भाषांतर झाले, भारतीय स्वर मात्र आला नाही, असे त्याचे मत आहे. चिनी विहारांतील संगीतात थेट भारतीय रागांचे अवशेष शोधणाऱ्या आपल्याकडील लेखकांनी हे मत प्रथम वाचावे.

याचा अर्थ भारतीय प्रभाव नव्हताच असा नाही. तो दुसऱ्या वाटेने गेला. इ. स. ५६८ मध्ये तुर्क राजकन्या उत्तर चौ सम्राटाची वधू म्हणून आली तेव्हा तिच्या परिवारात कुचा येथील सुजीव नावाचा पीपावादक होता. सुई राजवंशाच्या इतिहासातील संगीत-प्रकरणात त्याच्या सात स्वरावलींची नावे चिनी अक्षरांत दिली आहेत, व विद्वानांनी त्यांत साधारित, कैशिक, षड्ज, पंचम, वृषभ अशी नावे ओळखली आहेत. प्रबोधचंद्र बागची यांनी याकडे भारतीय वाचकांचे लक्ष वेधले होते. तमिळनाडूतील कुडुमियामलै येथील सातव्या शतकाच्या सुमाराच्या शिलालेखात सात रागांची जी स्वरलेखने कोरलेली आहेत त्यांत साधारित, पंचम, कैशिक ही नावे येतात. तो लेख पी. आर. भांडारकर यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या बाराव्या खंडात संपादित केला. एक नोंद चिनी दप्तरातील, दुसरी दक्षिणेच्या कातळावरील, आणि दोन्हींत काळाचे अंतर फार नाही. मुका म्हणून ज्या दप्तराला नावे ठेविली त्यानेच हा दुवा राखला, हे येथे मान्य केले पाहिजे. मात्र नावे जुळली एवढेच यातून सिद्ध होते. स्वर जुळले की नाही, हे ना दप्तर सांगते ना कातळ.

चीनच्या संगीत-संशोधन संस्थेतील सुमारे सात हजार तासांचा ध्वनिसंग्रह १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत समाविष्ट झाला. झिहुआचे संगीत २००६ साली राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत आले. मधल्या काळात विहाराची परंपरा जवळजवळ तुटली होती. १९८० च्या दशकात वृद्ध भिक्षूंना शोधून एकत्र आणावे लागले, आणि १९९१ साली हपेई प्रांताच्या खेड्यांतून काही तरुण मुले त्यांच्याकडे शिकावयास आणली गेली. हीच मुले का? कारण त्या खेड्यांतील वादक-मंडळींची परंपरा मुळात भिक्षूंकडूनच आलेली होती, आणि गोंगछची अक्षरे त्यांना परकी नव्हती. त्यांनी ती आखौसह पाठ केली व आज तेच विहारात वाजवितात. परंपरेच्या गणनेत त्यांना सत्ताविसावी पिढी म्हटले जाते. त्यांच्या आधीच्या सर्व पिढ्या प्रव्रजित भिक्षूंच्या होत्या. ही पिढी गृहस्थांची आहे. आचरियपरंपरा उपसंपदेवरून मोजण्याची आपली रीत. तेथे ती आता आखौवरून मोजली जाते, आणि नोंदवहीत या बदलासाठी वेगळा रकाना नाही.